उघडे दार आणि पाहणाऱ्याचे कर्तव्य

कोणतीही कला लोकांपुढे यावयाची म्हणजे तिला कोणत्या ना कोणत्या दारातून यावे लागते, आणि जेथे दार आहे तेथे दाराशी कोणीतरी उभाही असतो. नाटकाला नाटक मंडळीचा मालक असे. ग्रंथाला प्रकाशक असतो. गवयाला दरबार तरी लागे किंवा सभेचा चालक तरी लागे. चित्रपटाच्या दाराशी निर्माता, वितरक आणि चित्रगृहाचा मालक असे तिघे उभे असत. कोणास आत घ्यावयाचे व कोणास माघारी धाडावयाचे हे त्यांनी ठरवावे आणि जे आत आले असेल तेवढेच प्रेक्षकाने पाहावे, अशी ही व्यवस्था होती. गेल्या वीस वर्षांत हे दार सताड उघडे झाले आहे. ज्याच्या हाती मोबाइल आहे तो आज चित्रे टिपून जगापुढे ठेवू शकतो. आणि नवल असे की, ज्या चित्रपटधंद्याने अशा माणसास पूर्वी उंबऱ्यावरही उभे केले नसते, तोच धंदा आज त्याचा पत्ता शोधीत त्याच्या घरी येऊ लागला आहे. या घडामोडीचा विचार बहुधा पैशाच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तो नीतीच्या अंगाने करावयाचा आहे. प्रश्न असा की, द्वारपाल निघून गेला म्हणजे त्याच्याबरोबर त्याचे कर्तव्यही निघून जाते काय? आणि जात नसेल, तर ते कोणाच्या माथी येते?

प्रारंभी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे, ती ही की, चित्रपटाचे दार मुळापासून बंद नव्हते. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी एका पौरोहित्य करणाऱ्या विद्वानाच्या घरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि आपल्या बडोद्याचे कलाभवन या दोन ठिकाणी त्यांचे शिक्षण झाले. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ दिवसानुदिवस टिपली आणि ती काही क्षणांत पडद्यावर उलगडून दाखविली. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्याचे लेखन, दिग्दर्शन व छायालेखनाची तजवीज दादासाहेबांनी पाहिली. आणि सरस्वतीबाईंनी मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोके पाडण्याचे किचकट काम शिकून घेतले, ती धुण्याच्या कामी हात लावला आणि प्रसंगी अंगावरचे दागिनेही पुढे केले. म्हणजे भारतीय चित्रपटाचा उगम एका घरात, एका दांपत्याच्या श्रमांतून झालेला आहे. घरी बसून, घरच्या माणसांना हाताशी धरून चित्रे बनविणारा आजचा तरुण हा या दृष्टीने कोणी उपरा नव्हे; तो मूळ पुरुषाच्याच वाटेवर आहे.

दार पुढे बसले ते खर्चामुळे. १९१८ साली दादासाहेबांना भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी उभारावी लागली, आणि त्या भागीदारांशी न पटल्यामुळे काही काळ ती सोडून काशीस जाऊन राहावे लागले. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात कंपनी निघाली व १९३३ साली ती पुण्यास गेली. तेथे कलावंत, सुतार, रंगारी, वादक, शिंपी अशी शेकडो माणसे मासिक पगारावर एका आवारात काम करीत. बोलपट आला, खर्च वाढला, आणि ज्याच्याजवळ पैसा त्याच्या शब्दाला वजन आले. वितरक पैसे आगाऊ देई, म्हणून कथेत गाणी किती असावीत हेही तोच सांगू लागला. शिवाय १९५२ च्या कायद्याने चित्रगृहात दाखवावयाच्या प्रत्येक चित्रपटास सरकारी मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. अशा रीतीने एकामागून एक चौक्या उभ्या राहिल्या. त्यांतून पार झालेला चित्रपट पुष्कळदा चांगला असे. परंतु जे कधी पार होऊ शकले नाहीत त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

या चौक्यांना वळसा घालून जाण्याचा एक धीट प्रयत्न आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावी झाला. यूट्यूबचा जन्म होण्याच्याही आधी, नव्वदीच्या अखेरीस व त्यानंतर, नासिर शेख या तरुणाने व त्याच्या सोबत्यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' यांसारखी विनोदी चित्रे केली. यंत्रमागावर राबणारे मजूर त्यांत नट होते. कॅमेरा फिरविण्यासाठी सायकल व उंच नेण्यासाठी बैलगाडी अशी त्यांची यंत्रसामग्री होती. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच जीवनावर मुंबईच्या व्यावसायिकांनी केलेला चित्रपट चित्रगृहांत लागला. ज्या धंद्याच्या दारात त्यांना जागा नव्हती त्याच धंद्याने पुढे त्यांची कथा विकली, यातील मर्म सुज्ञांच्या ध्यानी येईलच.

मालेगावच्या मंडळींना जे कष्टाने साधले ते पुढे यंत्राने सोपे केले. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढविला गेला. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा असलेला एक तरुण त्यात काही शब्द बोलतो, आणि तो सगळा एकोणीस सेकंदांचा आहे. पुढच्याच वर्षी गुगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरांना घेतली, आणि २००७ पासून व्हिडिओ करणारांस जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्यास आरंभ केला. लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी शेकडा ५५ भाग करणाऱ्याकडे जातो. म्हणजे निर्माता, वितरक व चित्रगृह या तिघांचे काम एका कंपनीने आपल्याकडे घेतले आणि दाराशी कोणी माणूस ठेवलाच नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जेवढा वेळ लोकांनी घालविला त्यातील शेकडा साडेबारा भाग एकट्या यूट्यूबचा होता, अशी निल्सन या मोजणी करणाऱ्या संस्थेची नोंद आहे. इतका वाटा दुसऱ्या कोणत्याही प्रसारकाचा नव्हता. दिवाणखान्यातील मोठा पडदाही आता या हौशी म्हणविल्या गेलेल्या मंडळींच्या हाती गेला आहे.

चित्रपटधंद्यावर याचा परिणाम कसा झाला तो काही उदाहरणांवरून पाहू. स्वीडनमधील डेव्हिड सँडबर्ग याने २०१३ साली आपल्या राहत्या घरात, पत्नीस नटी करून, अडीच-तीन मिनिटांचे एक भयचित्र केले. ते लोकांनी इतके पाहिले की हॉलिवूडने त्यालाच बोलावून २०१६ साली 'लाइट्स आउट' हा पूर्ण चित्रपट करविला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील डॅनी व मायकेल फिलिपू हे जुळे भाऊ अनेक वर्षे यूट्यूबवर मारामारीची व साहसाची चित्रे करीत होते. २०२३ साली जगभर लागलेल्या त्यांच्या 'टॉक टू मी' या चित्रपटास सुमारे ४५ लाख डॉलर खर्च आला आणि उत्पन्न ९ कोटी डॉलरांवर गेले. करी बार्कर या अमेरिकन तरुणाने २०२४ साली अवघ्या ८०० डॉलरांत तासाभराचा चित्रपट करून तो यूट्यूबवर फुकट ठेवला. त्याचा पुढचा चित्रपट २०२५ च्या टोरांटो महोत्सवात दाखविला गेला व तेथे एका मोठ्या कंपनीने तो विकत घेतला. मार्किप्लायर या नावाने प्रसिद्ध असलेल्या मार्क फिशबाखने तर त्यापुढचे पाऊल टाकले. 'आयर्न लंग' हा चित्रपट त्याने स्वतः लिहिला, स्वतःचा पैसा घातला, आणि जानेवारी २०२६ च्या अखेरीस मोठ्या स्टुडिओचा हात न धरता तो चित्रगृहांत आणला. त्याच्या चाहत्यांनीच आपापल्या गावच्या चित्रगृहांकडे त्याची मागणी केली होती.

आपल्याकडेही हेच चालले आहे. दिल्ली-मुंबईच्या ज्या तरुणांच्या कल्पना दूरचित्रवाणीच्या कचेऱ्यांनी नाकारल्या होत्या त्यांनी काढलेल्या टीव्हीएफ या संस्थेची 'कोटा फॅक्टरी' ही मालिका २०१९ साली यूट्यूबवर आली व पुढे नेटफ्लिक्सने ती चालविली. तिचीच 'पंचायत' २०२० पासून घरोघर पाहिली जाते. मराठीत २०१६ पासून भाडिपाने आई, मुलगा, नोकरी, लग्न अशा घरगुती विषयांवर नव्या पिढीच्या बोलीत चित्रे केली. तेलंगणातील जगत्याल जिल्ह्याच्या लंबाडीपल्ली गावची गंगव्वा ही शेतमजुरी करून आयुष्य काढलेली वृद्धा 'माय व्हिलेज शो'मधून पुढे आली आणि तेलुगू चित्रपटांत काम करू लागली. तामिळनाडूतील एका शेतकरी कुटुंबाने २०१८ साली उघड्या रानात स्वयंपाक करून दाखविण्यास सुरुवात केली, आणि २०२२ च्या 'विक्रम' या चित्रपटात ते सगळे कुटुंब पडद्यावर दिसले.

या सर्वांत चांगले काय आहे ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. वयाने, रूपाने, बोलीने किंवा जातीने जो नट होऊ शकला नसता तो आज नट झाला आहे. जी खानदेशी बोली चित्रपटात हास्यास्पद नोकराच्या तोंडी तेवढी घातली जाई, तीत आज संपूर्ण कथा सांगितल्या जातात. मराठी मुलखापासून दूर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर हे विशेष जाणवावे. आपल्या गावच्या चित्रगृहात मराठी चित्रपट लागलाच तर एखादा आठवडा टिकतो. परंतु घरातल्या पडद्यावर मुलांच्या कानी रोज मराठी पडू शकते. हा लाभ लहान नाही. म्हणून 'जुने ते सारे थोर आणि नवे ते सारे थिल्लर' अशी तक्रार येथे करावयाची नाही. जुन्या द्वारपालाने पुष्कळांवर अन्याय केला हे खरे आहे.

परंतु तो द्वारपाल दोन कामे करीत असे. त्यातील पहिले काम निवडीचे. आणि ते त्याने बहुधा आपल्या आवडीनिवडीने व लोभाने केले. दुसरे काम मात्र उत्तरदायित्वाचे होते. चित्रपटात काही वावगे घडले तर कोणाला जाब विचारावयाचा हे ठाऊक असे. निर्मात्याचे नाव पडद्यावर असे, कंपनीला पत्ता असे, दिव्याची उपकरणे वाहणाऱ्यापासून वेशभूषाकारापर्यंत कामगारांच्या संघटना असत. मुंबईतील त्यांचा महासंघ १९५६ पासून आहे. मजुरी बुडाली, अपघात झाला, कोणाची बदनामी झाली, तर दार ठोठावण्यास एक जागा होती. ती व्यवस्था पुरेशी होती असे नव्हे, पण होती. आज एखाद्या यशस्वी यूट्यूबरच्या खोलीत चित्रांची जोडणी करणारा जो मुलगा रात्रभर जागतो, त्याचे नाव कोठेच नसते आणि त्याची संघटनाही नसते. दार उघडताना निवड करणाऱ्याचा गर्व गेला हे उत्तम झाले. पण त्याच्याबरोबर उत्तर देणाराही गेला.

दाराशी आता कोणीच नाही असेही म्हणता येत नाही. माणसाच्या जागी एक आकडा येऊन बसला आहे. २०१२ पूर्वी किती जणांनी व्हिडिओ उघडला हे यूट्यूब मुख्यत्वे पाही. त्या वर्षापासून लोक किती वेळ पाहत राहिले यास तिने अधिक महत्त्व दिले. २०१८ पासून जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळावयाचा तर निदान एक हजार सभासद आणि वर्षाकाठी चार हजार तासांचे पाहणे जमले पाहिजे असा नियम झाला. त्यामुळे करणाऱ्याचे सारे लक्ष पाहणारा निसटू नये याकडे लागते. पहिल्या दहा सेकंदांत धक्का द्या, शीर्षकात आश्चर्य घाला, चित्रात तोंड वासलेले दाखवा, आणि जे सांगावयाचे आहे ते शेवटास ठेवा, असे शहाणपण तयार होते. जुन्या निर्मात्यापुढे निदान गयावया करता येत असे, त्याच्याशी वाद घालता येत असे, क्वचित त्याची लाजही जागी करता येत असे. आकड्याला लाज नाही. स्टुडिओच्या दास्यातून सुटलेला कलावंत आकड्याचा दास झाला तर त्याला स्वतंत्र म्हणावे काय, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारावयास हवा. आणि चित्रपटधंद्यानेही विचारावयास हवा, कारण नटाची निवड करताना त्याच्या अभिनयापेक्षा त्याच्यामागे किती लाख लोक आहेत हे पाहण्याची चाल आता तेथेही शिरली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वावगे व्हिडिओ का निघतात असे विचारले असता तीन उत्तरे ऐकू येतात. करणारा म्हणतो, 'लोकांना हेच हवे असते. मी देतो एवढेच.' कंपनी म्हणते, 'आम्ही काही निवडीत नाही. लोक जे पाहतात तेच आमची यंत्रे पुढे करतात.' आणि आपण, पाहणारे, म्हणतो, 'समोर आले म्हणून पाहिले. त्यात आमचे काय गेले?' तिघांची बोटे गोलाकार फिरतात आणि अपराध मध्येच अधांतरी राहतो. कंपनीचे व करणाऱ्याचे दायित्व मोठे आहे आणि ते कायद्याने त्यांच्या गळ्यात घातलेच पाहिजे, यात शंका नाही. परंतु दायित्व हे काही धान्याची रास नव्हे, की दुसऱ्याने आपला वाटा उचलला म्हणून आपला कमी व्हावा. तिन्ही उत्तरांतील सर्वांत निष्पाप दिसणारे उत्तर आपले आहे, म्हणून त्याचीच परीक्षा प्रथम केली पाहिजे.

'समोर आले म्हणून पाहिले' हे म्हणणे जुन्या चित्रगृहात बरेचसे खरे होते. तिकीट काढले की प्रेक्षकाचा व्यवहार पुरा होई. चित्रपट आवडो वा न आवडो, त्याचे पैसे परत मिळत नसत आणि त्याच्या जांभया कोणी मोजीत नसे. आज तिकीट नाही. पाहण्यात घालविलेला वेळ हेच तिकीट आहे, आणि तो सेकंदासेकंदाने मोजला जातो. डोळा एखाद्या गोष्टीवर पडणे हे आपल्या हाती नसते. पण पडलेला डोळा तेथे रेंगाळू देणे हे आपल्या हाती असते. जे आपल्या हाती असते आणि ज्याचे फळ दुसऱ्यास मिळते किंवा भोगावे लागते त्यास कर्म म्हणतात. मग पाहणे हेही कर्मच झाले.

याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहता येते. कलेला आश्रय देणारा पूर्वी नावाने ओळखला जाई. बडोदे दरबारने फैयाजखाँसाहेबांसारखा गवई पदरी ठेवला, तेव्हा त्या निवडीचे श्रेय दरबारला मिळाले. आणि एखाद्या संस्थानिकाने हलक्या तमाशावर खजिना उधळला तर त्याची नालस्तीही त्याच्याच नावाने झाली. आज आश्रयदाते आपण सर्वजण आहोत, पण निनावी आहोत. रात्री अंथरुणात पडून आपण काय पाहिले हे शेजारच्यास कळत नाही, म्हणून त्याची लाजही वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही. राजाची सत्ता आपल्याकडे आली. राजाला असणारी लोकलज्जा मात्र आली नाही. ही उणीव भरून काढण्यास स्वतःच्या मनाखेरीज दुसरे साधन नाही.

यावर कोणी म्हणेल की, कोट्यवधी पाहणाऱ्यांत माझ्या एकट्याच्या पाहण्याने काय होणार? परंतु तो आकडा कोट्यवधी 'एकट्यां'चाच बनलेला असतो. त्यात दुसरे काही मिसळलेले नसते. दुसरा आक्षेप असा येईल की, करमणुकीत कर्तव्याची गोष्ट आणून ती बेचव कशाला करावी, आणि चांगले-वाईट ठरविणारे तुम्ही कोण? हा आक्षेप योग्य आहे, म्हणून त्यास सरळ उत्तर देतो. उच्च अभिरुची आणि हलकी अभिरुची असा भेद येथे अभिप्रेतच नाही. निखळ विनोद, पाककृती, क्रिकेट, भयकथा, काहीही पाहावे. विचारावयाचे ते इतकेच: हे चित्र तयार होताना कोणास खोटे सांगितले गेले काय? कोणा दुबळ्याची त्याच्या नकळत किंवा मनाविरुद्ध अवहेलना झाली काय? आणि यात जो दिसतो तो 'नको' म्हणू शकला असता काय? हे तीन प्रश्न अभिरुचीचे नाहीत. कोणत्याही घरी, कोणत्याही वयात ते समजण्यासारखे आहेत.

यातील तिसरा प्रश्न लहान मुलांच्या बाबतीत फार जड होतो. १९२१ साली चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' या चित्रपटात जॅकी कूगन या बालकाने काम केले आणि पुढे त्याने लक्षावधी डॉलर मिळविले. सज्ञान झाल्यावर त्यास कळले की ती संपत्ती बहुतेक खर्च होऊन गेली आहे. १९३८ साली त्यास आपल्या आईवर व सावत्र पित्यावर दावा लावावा लागला. त्यानंतर, १९३९ साली, कॅलिफोर्नियात बालनटांच्या मिळकतीस संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्या देशात २०१६ च्या सुधारलेल्या कायद्याने व २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांपुरते मर्यादित केले, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम नको असे सांगितले, जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक केली, आणि मिळकतीचा निदान पाचवा हिस्सा त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवण्यास लावले. चित्रपटधंद्याला हे शिकण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आणि आज एखादे आईबाप आपल्या चार वर्षांच्या मुलीचे उठणे, रुसणे, आजारपण आणि रडणे रोज जगापुढे ठेवून उत्पन्न मिळवितात, तेव्हा परवानगी मागावयास कोण जातो? तास कोण मोजतो? अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अशा मुलांच्या वाट्याचे पैसे राखून ठेवण्याचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. अन्यत्र बऱ्याच ठिकाणी अद्याप तेवढेही नाही. पैसे राखले तरी, मोठेपणी तिला आपले ते रडणे परत मागता येईल काय?

कायदा हा नेहमी मागून येतो. अपघात आधी होतो आणि पाटी नंतर लागते. तो येईपर्यंतच्या काळात त्या मुलीचा रक्षक कोण? आईबाप मोहात आहेत, कंपनी दूर आहे, द्वारपाल उरलेला नाही. उरतो तो पाहणारा. तिच्या रडण्याचा व्हिडिओ लोक पाहत राहिले तर उद्या ती पुन्हा रडविली जाईल, आणि लोकांनी पाठ फिरविली तर बहुधा रडविली जाणार नाही. इतके सरळ गणित आहे, आणि ते आपल्या अंगठ्याशी येऊन थांबलेले आहे.

तेव्हा करावे काय? थोडक्यात सांगावयाचे तर, प्रथम आपल्या घरी आपण काय चालू ठेवतो याचा कुटुंबात एकदा उघड विचार व्हावा. वडीलधाऱ्यांनी मुलांच्याच मोबाइलवर बोट न ठेवता स्वतःचाही दाखवावा. ज्या करणाऱ्याचे काम प्रामाणिक वाटते त्याचे काम शेवटपर्यंत पाहावे, चार आप्तांस सांगावे, आणि त्याने चित्रपट केल्यास तिकीट काढून जावे. कारण चांगल्यास आश्रय न देता वाइटास नुसती नावे ठेवणे ही आळशी माणसाची नीती होय. ज्यात अवहेलना आहे ते हसतहसत पुढे पाठवू नये. आपल्या तरुणांपैकी जे स्वतः व्हिडिओ करतात, आणि असे घरोघर आहेत, त्यांनी मदत करणाऱ्याचे नाव द्यावे, ठरलेली मजुरी वेळेवर द्यावी, शीर्षकात जे सांगितले ते आत ठेवावे, आणि ज्याचे चित्र घेतले त्यास आधी विचारावे. यांपैकी एकाही गोष्टीस भांडवल लागत नाही. आणि चित्रपटधंद्यातील जुन्या मंडळींकडून नव्यांनी एक शिकावे: समूहाने काम करण्याची शिस्त. फाळक्यांचा चित्रपट दांपत्याच्या श्रमांतून निघाला खरा, पण प्रभातचे चित्रपट शेकडो हातांच्या जुळणीतून निघाले. आणि त्या जुळणीत प्रत्येक हाताला ठरलेले काम व ठरलेला पगार होता.

दार पुन्हा लावून घ्यावे असे कोणी म्हणू नये. आणि म्हटले तरी ते आता लागणार नाही. लंबाडीपल्लीच्या वृद्धेला व मालेगावच्या यंत्रमागवाल्याला आत येऊ देणारे दार लावण्याचा अधिकारही कोणास नाही. मात्र ज्या घराचे दार सदैव उघडे असते त्या घरातील माणसांना अधिक जागे राहावे लागते, हा संसारातील साधा अनुभव आहे. पूर्वी आपल्या वतीने जागणारा एक पगारी माणूस होता, आणि तोही पुष्कळदा झोपा काढीत असे. आता ते जागणे आपल्याकडे आले आहे. ते ओझे वाटणे साहजिक आहे. तथापि काय जगावे आणि काय विरून जावे हे ठरविण्याची जी सत्ता एकेकाळी थोड्या धनिकांच्या हाती होती, तिचा लहानसा अंश आज प्रत्येक घरात पोहोचला आहे हेही तितकेच खरे. तो अंश कसा वापरावयाचा हे आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी, हातातील पडद्यावर पुढचे चित्र आपोआप सुरू होईल त्या क्षणी, ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.